पिवळी पडलेली बरणी

मामांचं जुनं धोतर मी कात्रीने कापायला घेतलं तेव्हा ते पडवीत बसून चहा पीत होते. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या कोल्हारकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. धोतर तसं चांगलं होतं, नुसतं एका कडेला विरलेलं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "माजं धोतर त्या बरन्यांना नेसवनार व्हय?"

मी म्हटलं, हो.

"मंग ती एक उघडी का ठेवली? तिनं काय पाप केलं?"

तिन्ही बरण्यांत समुद्र होता. खरा, खारट, दोन गाड्या बदलून दोन कॅनमधून आणलेला. एस.टी.च्या कंडक्टरने कॅनमध्ये काय आहे असं विचारलं तेव्हा मी पाणी म्हटलं होतं. प्रवरेकाठच्या बाईने कोकणातून पाणी का न्यावं हे त्याला काही उमगलं नाही, आणि मलाही भर गर्दीत समजावून सांगायची हौस नव्हती. त्या पाण्यात एक हिरवी वनस्पती होती, एकाच पेशीची. मूळ नाही, खोड नाही, पान नाही, नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. पाण्याला रंग चढला की समजायचं, आहे. असे अगणित जीव समुद्राच्या वरच्या थरात तरंगत असतात आणि उन्हावर जगतात. पुस्तकात त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. मामा त्यांना 'तुजं शेवाळ' म्हणत.

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो छत्तिसाव्या वर्षी, शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात. तोवर वनस्पतिशास्त्र शिकवून दहा वर्षं झाली होती. तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनमध्ये नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत, आणि वर्गातल्या मुलींनी विचारलं की "मॅडम, पुढच्या वर्षी तुम्हीच ना?" तर हसून वेळ मारून न्यायची. किनाऱ्याजवळचं पाणी हिरवट होतं आणि दूरचं निळंशार. बाकीचे निळ्याकडे बघून वा वा करत होते. तिथल्या संशोधक मॅडम म्हणाल्या, निळं पाणी म्हणजे त्यात फारसं कुणी राहत नाही. हिरव्यात वस्ती आहे. म्हणजे निळं ते पडीक आणि हिरवं ते पेरलेलं, असं मी मोठ्याने म्हणून गेले. मॅडम वळून माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता कान उपटतात.

कान उपटले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावून एक छोटी बाटली हातात ठेवली. त्यांच्याकडे पीएच.डी.साठी एकच जागा होती. प्रश्नही त्यांनीच दिला: कमी-जास्त उजेडात ही वनस्पती स्वतःत काय बदल करते? घरी वाढवा, तीन महिने नोंदी ठेवा, नोंदी चांगल्या असतील तर जूनमध्ये समितीपुढे तुमचं नाव ठेवते. नसतील तर दुसऱ्या कुणाचं. इतकं सरळ बोलणारं माणूस मला आवडतं. ती जागा मिळाली तर दर जूनची ती मुलाखत एक दिवस थांबण्याची शक्यता होती. आणि खरं सांगायचं तर नोकरीपेक्षाही मला ते जाणून घ्यायचं होतं. डोळे नसलेल्या जिवाला उजेड कमी झाला हे कळतं कसं?

घरात मी आणि मामा, दोघंच. नवरा नगरच्या एमआयडीसीत कामाला, सुट्टीला घरी येतो. मुलगी पुण्यात होस्टेलवर, सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली. मी पीएच.डी. करायचं म्हणते आहे हे मामांना माहीत होतं. त्यासाठी तीन वर्षं किनाऱ्यावरच राहावं लागेल हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. आधी जागा मिळू दे, मग बघू, अशी स्वतःची समजूत घालून मी विषय पुढे ढकलत होते.

तर, धोतर. मला हवा होता असा पडदा की जो उजेड कमी करेल पण त्याचा रंग बदलणार नाही. रोपवाटिकेतली हिरवी जाळी चालली नसती. तिच्यातून येणारा उजेडच हिरवट. पांढरं धोतर नामी. एका बरणीला एक पदर गुंडाळला, दुसरीला चार, तिसरी उघडी. तिन्ही पडवीच्या पूर्वेच्या टोकाला, जिथे सकाळचं ऊन तीन-चार तास येतं, तिथे पाण्याने भरलेल्या टबात ठेवल्या, म्हणजे तापणार नाहीत. बरण्या लोणच्याच्या, मोठ्या काचेच्या. तोंडाला कापसाचा बोळा. मासे पाळणारे वापरतात तसला छोटा पंप हवेचे बुडबुडे सोडायला. वीज गेली की मी हाताने बरण्या घोळवत बसायची. सुरुवातीला ठरावीक क्षार मोजून घातले, ते या शेवाळाचं खत. मॅडमनी पुड्या करून दिल्या होत्या.

पुस्तकात लिहिलेलं खरं होताना बघण्यात एक वेगळीच गंमत असते. पंधरा दिवसांत चार पदरांची बरणी गडद झाली, चिंचेच्या पानासारखी. उघडी मात्र फिकट व्हायला लागली. मामा गोंधळले. "जिला ऊन हाय तीच पिवळी? उलटंच हाय की."

उलटं नव्हतं. मी त्यांना समजावलं. हरितद्रव्य म्हणजे या पेशीचं उजेड पकडायचं जाळं. उजेड कमी असेल तर जाळं मोठं विणायचं, येईल तो कण सोडायचा नाही. म्हणून अंधारातली गडद. उजेड भरपूर असेल तर मोठं जाळं अंगाशी येतं, कारण पकडलेला सगळाच उजेड वापरता येत नाही आणि उरलेला आतल्या आत पेशीचीच मोडतोड करतो. मग ती पेशी दोन गोष्टी करते. तातडीची म्हणजे जास्तीचा उजेड उष्णता करून सोडून देणे. त्यासाठी तिच्याकडे पिवळ्या जातीची रंगद्रव्यं असतात आणि काही मिनिटांत ती आपलं रूप बदलतात. सावकाशीची म्हणजे जाळंच लहान करणे. त्याला दिवस लागतात.

"आनि सावली आली की?"

"परत वाढवायचं."

मी ते करूनही पाहिलं. चार पदरांतलं वाटीभर पाणी काढून उघड्यावर ठेवलं, ते चार दिवसांत उतरलं. उघड्यातलं धोतराआड ठेवलं, ते चढलं. समुद्रात तर त्यांना हे जन्मभर करावं लागतं. लाटा आणि वारा त्यांना वर उन्हात आणतात आणि खाली अंधारात नेतात. आपण कुठे जायचं हे त्यांच्या हातात नाही. खाली जाताना उजेड नुसता कमी होत नाही, त्यातला तांबडा आधी संपतो, पाणीच तो पिऊन टाकतं, आणि निळा सर्वांत खोल जातो. म्हणजे एकाच दिवसात भर दुपार आणि तिन्हीसांज दोन्ही, आणि तेही पुन्हा पुन्हा. मला हे वाचताना त्या पेशींबद्दल इतका आदर वाटायचा की तव्यावरची पोळी करपायची.

मामा म्हणाले, "आंब्याचं बी तसंच. आतल्या अंगाचं पान काळंभोर, शेंड्याचं उजळ."

मला इतका आनंद झाला! अगदी बरोबर, मामा, तसंच. मला वाटलं, समजलं त्यांना. माझा स्वभाव असा आहे की समोरच्याने मान डोलावली की मी विषय मिटला असं समजते. वर्गातही तेच होतं आणि मग पेपर तपासताना डोकं धरून बसायची वेळ येते.

मामांचं सगळं आयुष्य हिरव्या रंगाच्या छटा ओळखण्यात गेलं. ऊस, गहू, कांदा, काहीही असो, बांधावरून चालता चालता ते पात कशी आहे ते बघत आणि त्याला काय कमी पडलं ते सांगत. विचारलेलं नसलं तरी सांगत. एकदा लग्नाच्या वऱ्हाडात कोपरगावला निघालो असताना गाडी चहाला थांबली, तर हे शेजारच्या रानात शिरून एका अनोळखी माणसाला त्याच्या गव्हाचा युरिया राहिला आहे हे पटवत उभे. वऱ्हाड त्यांच्यासाठी खोळंबलं. तो माणूस मात्र ऐकत होता, कारण मामांचं बहुधा बरोबर असतं.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात माझ्या उघड्या बरणीने मला चकित केलं. ती परत हिरवी व्हायला लागली. ऊन तेच, किंबहुना जास्त कडक. धोतर नाही, सावली नाही. तरी रोज थोडी थोडी गडद. मी आधी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नमुना नेला, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजल्या, मग हरितद्रव्य काढून यंत्रात मोजलं, एकाला दुसऱ्याने भागलं. खरंच, दर पेशीमागे हिरवेपणा वाढला होता. भर उन्हात! तीनदा मोजलं, तीनदा तेच.

माझं डोकं कुठे कुठे गेलं ते सांगायलाही लाज वाटते. मला वाटलं, माझ्या बरणीत काहीतरी नवं घडलं आहे. या पेशी उन्हाला इतक्या सरावल्या की आता त्यांना जाळं लहान करायची गरज उरली नाही. काहीतरी तिसरा उपाय त्यांनी शोधला आहे, जो पुस्तकात नाही, आणि तो कोल्हारला, लोणच्याच्या बरणीत. मी मॅडमना आकडे आणि फोटो पाठवले. कधीही स्वतःहून फोन न करणाऱ्या मॅडमचा दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. माझे हात कणकेत होते म्हणून मी स्पीकर लावला. "हे परत परत मोजा," त्या म्हणाल्या, "आणि कुणाला बोलू नका. असंच राहिलं तर समितीपुढे हेच ठेवू. तीन वर्षं इकडे राहायची तयारी आहे ना?"

आहे, मी म्हटलं. मामा पडवीत होते. त्यांनी ऐकलं असेल का असा विचार मनात आला, पण मी परत कणीक मळायला लागले. त्या आनंदात मला दुसरं काही सुचतही नव्हतं.

मे महिन्यात एक दिवस परीक्षेचं काम लवकर आटोपलं आणि मी साडेअकरालाच घरी आले. स्कूटी लावली, आत शिरले, तर मामा बरण्यांपाशी उकिडवे बसलेले. त्यांनी हात साबणाने धुतलेले होते, साबणाची वडी शेजारीच होती; मी तसे धुते हे त्यांनी पाहिलं होतं. उघड्या बरणीचा बोळा काढून त्यांनी तो स्वच्छ फडक्यावर ठेवला होता. डाव्या तळहातावर काही दाणे होते. उजव्या हाताच्या दोन बोटांत ते चुरून त्यांनी बरणीत सोडले, बोळा परत बसवला आणि बरणी दोन्ही हातांनी हळूच घोळवली. अगदी माझ्यासारखी.

"मामा, काय टाकलं?"

दचकायला हवं होतं ना? नाही दचकले. "युरिया," ते म्हणाले. "तीन-चार दानं. पिवळी पडली हुती. तुज्या ध्येनात येईना, म्हनून म्हनलं आपन टाकू. बघ, कशी चढलीय आता."

माझा शोध, माझा तिसरा उपाय, युरिया होता. गोणीतला.

राग आला, इतका की मी तिथून आत निघून गेले आणि घासलेली भांडी परत घासली. आपटून. मामा दारात येऊन उभे राहिले, "काय झालं?" विचारत. शेवटी मी वळून म्हटलं, "मी सांगितलं होतं ना तुम्हाला? उन्हात ती फिकीच असते, ती आजारी नसते! तुम्हीच म्हणालात ना, आंब्याचं शेंड्याचं पान उजळ असतं. मग शेंड्याला युरिया टाकता का तुम्ही?"

"आंब्याला जमीन हाय," मामा म्हणाले. "तुज्या बरनीत खायाला काय हाय?"

बरणीत खायला होतं ते मी फेब्रुवारीत घातलेलं. उघड्या बरणीतल्या पेशी उन्हामुळे सर्वांत भराभर वाढल्या होत्या, म्हणजे खाणारी तोंडं तिथे सर्वांत जास्त आणि खाणंही तिथेच आधी संपणार. नत्र संपलं की हरितद्रव्य करता येत नाही आणि पेशी फिकी पडते. उजेड जास्त झाला तरी फिकी पडते. मार्च संपताना माझी बरणी कशाने फिकी पडली होती? उजेडाने पोट भरल्यामुळे की नत्राविना उपाशी असल्यामुळे? मी उजेडाकडे इतकी टक लावून बघत होते की हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मामांना निम्मं कळलं नव्हतं आणि मला उरलेलं निम्मं.

दोन दिवस मी मॅडमना काही कळवलं नाही. खोटं कशाला बोलू, गप्प राहायचा विचार माझ्या मनात आला. युरियाचं फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. मामा कुणाला सांगायला जाणार नव्हते. समिती जूनमध्ये बसणार, नाव लागणार, पुढचं पुढे. तरी तिसऱ्या दिवशी मी फोन लावला, आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणावं की नाही मला अजून ठरवता येत नाही. मला तो प्रश्न छळत होता. एकाच फिकेपणाची दोन कारणं असतील तर ती वेगळी कशी ओळखायची? युरिया लपवला असता तर हा प्रश्न कधी कुणाला विचारताच आला नसता.

मी सगळं सांगितलं. मग मॅडमनी विचारलं, "किती?"

"काय किती?"

"युरिया किती टाकला, आणि कोणकोणत्या दिवशी? हल्लीच्या युरियाला निंबोळीचा लेप असतो, तेही लक्षात घ्यावं लागेल. हे बघा, किती आणि कधी हे नक्की सांगता आलं तर तुमच्या नोंदी कामाच्या आहेत, पहिल्यापेक्षा जास्त कामाच्या. अंदाजे सांगणार असाल तर मी हे समितीपुढे नेऊ शकत नाही. शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

म्हणजे माझं जाणं आता मामांच्या चिमटीवर आणि त्यांच्या आठवणीवर येऊन ठेपलं होतं.

मी त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. त्यांनी काय केलं ते, त्याने काय बिघडलं ते, आणि आता काय हवं आहे तेही. "म्हंजी मी नासवलं?" त्यांनी विचारलं. हो, मी म्हटलं, पण नीट आठवलंत तर सावरेल. चुकीचं आठवून सांगण्यापेक्षा आठवत नाही असं सांगा. ते मान हलवून आत गेले आणि इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले. हातात पिशवी, पिशवीत युरिया.

कॉलेजला सुट्टी होती. प्रयोगशाळेत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. काचेच्या पेटीतला तो बारीक तराजू मामांनी सगळ्या बाजूंनी निरखला. मी सांगितलं की जवळ श्वास सोडला तरी त्याचा आकडा हलतो, तर त्यानंतर ते तोंडावर उपरण्याचं टोक धरूनच बोलायला लागले. ठरलं असं की त्यांनी घरी टाकत तसंच दहा वेळा टाकायचं, बरणीऐवजी काचेच्या छोट्या बशीत, आणि मी दर वेळचं वजन लिहायचं. पहिली चिमूट अकरा मिलिग्रॅम भरली. दुसरी बारा. तिसरी परत अकरा. मामा आकडा वाचायचे आणि माझ्याकडे बघायचे. मला हसू आलं. माझ्या विद्यार्थ्यांना चमचा देऊनही इतकं सारखं मोजता येत नाही.

सात वेळा झालं तेव्हा म्हटलं, हात दुखले असतील, आता दिवस सांगा. मी वही उघडली. तारखा त्यांना पाठ नव्हत्या, पण दिवस पाठ होते. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात. मग एक दिवसाआड, सकाळचा चहा झाला की. बाजाराच्या दिवशी टाकला होता, शेजारच्या म्हशीला रेडकू झालं त्या दिवशी नाही, कारण तो मधला दिवस. मी एकेक दिवस तारखेशी जुळवत लिहीत गेले. अशा पाच नोंदी झाल्या.

"मग पुढचा?"

मामा बोटं उपरण्याला पुसत राहिले. मी परत विचारलं.

"मंग आठ दिवस न्हाई टाकला."

"का? गावाला गेला होतात?"

"न्हाई. घरीच हुतो."

मी वहीतली पानं उलटली. त्या आठ दिवसांत उघडी बरणी थोडी उतरल्याची नोंद होती, माझ्याच अक्षरात, आणि पुढे मी लिहिलं होतं, उष्णतेमुळे असावं.

"त्या बाईंचा फोन आल्ता," मामा म्हणाले. उपरणं तोंडावरून कधी खाली आलं होतं त्यांच्या लक्षात नव्हतं. "तीन वर्सं तिकडंच ऱ्हावं लागंल म्हनत हुत्या. तू हाय म्हनलीस. मंग मी म्हनलं, पडती पिवळी तर पडू दे."

पंखा चालू होता. मी पेन खाली ठेवलं. मी विचारलं, "मग परत का टाकायला लागलात?"

"रोज सकाळी चा प्यायला तिथंच बसतो ना मी. समोरच असती ती. बघवंना."

मला रडू आलं. त्यांनी आठ दिवस गाळले म्हणून नाही, त्यांनी ते सांगितलं म्हणून. एक दिवसाआड सरसकट टाकला असं म्हणाले असते तर मला कळायचा मार्ग नव्हता. आकडे चुकले असते, आणि चुकलेल्या आकड्यांनी काय होतं हे मीच त्यांना सकाळी समजावलं होतं. मी म्हटलं, "तीन वर्षांचं मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, मामा."

"व्हय," ते म्हणाले. "सांगाया पायजे हुतं."

ते आकडे त्याच संध्याकाळी गेले, नाव लागलं, आणि हे मी लिहिते आहे ते किनाऱ्याजवळच्या एका खोलीत बसून. मामांचा फोन एक दिवसाआड येतो. पण त्या दुपारी यातलं काहीच नक्की नव्हतं. मी त्या आठ दिवसांपुढे एकाखाली एक शून्यं लिहिली, त्यानंतरचे दिवसही त्यांना विचारून भरले, डोळे पुसले आणि वही मिटायला लागले.

"अजून तीन राहिल्यात ना?" मामा म्हणाले आणि त्यांनी पिशवीत हात घातला. दाणे तळहातावर घेतले, चुरले, बशीत सोडले. मी काचेचं दार लावलं आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघत थांबले.

एकदाही अकराच्या खाली न आलेली चिमूट आठव्या वेळी सहाच भरली. तीही मी लिहून घेतली.